पुलाजवळचा फळा

वाचनालयाच्या पायरीशेजारचा फळा
रोज एका सुविचारासाठी आहे,
असा पालिकेचा ठराव आहे.
एकोणीस वर्षं झाली,
मी एकही सुविचार लिहिलेला नाही.
कुडचडे लिहू देत नाही.

सकाळी सातला पदेर सायकल टेकवतो,
टोपलीवरचं प्लास्टिक सारखं करत म्हणतो,
लिही: शनिवारी वरच्या बाजारात पाणी नाही.
लिही: रोहिदास वेळीपाच्या आईचं बारावं, जेवण घरीच.
लिही: चष्मा सापडला, मासळी मार्केटात,
तपकिरी काडी, डावी काच दुधी.
ज्याचा आहे त्याला हे वाचता येणार नाही,
तेव्हा इतरांनी सांगावं.

खाण चालू होती तेव्हा
दुपारपर्यंत फळा तांबडा व्हायचा.
खडू लागायचाच नाही,
धुळीत बोटानं लिहिलं तरी वाचता यायचं.
ट्रकांची रांग सावर्ड्याच्या पुलापलीकडे,
आणि धक्क्यावर बार्जी पोट भरेपर्यंत उभ्या,
बाळंतपणाला आलेल्या लेकींसारख्या.

मग खाण बंद झाली.
दोरीवरचे सदरे पांढरे राहू लागले.
त्या आठवड्यात मी अकरा वेळा लिहिलं,
ट्रक विकणे आहे.
अकरावा मावेना, म्हणून अक्षर बारीक केलं.
तो उल्हासचा होता, माझ्या भावाचा.
त्यानं वाचून एवढंच विचारलं,
माझाच एवढा लहान का?

एक बार्ज राहिली. कुमुदिनी.
मालक वास्कोला, म्हणतात. किंवा कोर्टात.
केबिनमध्ये पिंपळ उगवलाय,
आणि पिंपळाखाली कायतान,
राखणदार, पगार थांबला तरी राखणारा.
तिन्हीसांजेला कंदील लावतो.
जुवारीत त्याचा पिवळा पट्टा पडतो
आणि पुलावरचे लोक
घड्याळ न बघता घरी निघतात.

बार्ज हलवावी की ठेवावी,
रविवारी पाच वाजता, सर्वांनी यावे.
मी ठळक लिहिलं होतं.
सात जण आले, एक कुत्रा.
मैदानावर फुटबॉल होता ना.
फळदेसाई मास्तर म्हणाले, भंगारात काढा, गावाला शोभत नाही.
सत्यवती खुब्यांची टोपली घेऊनच आली होती,
म्हणाली, तिच्या सावलीत खुबे धरतात,
शोभेचं तुम्ही बघा.
मागच्या बाकावर कायतान टोपी मांडीवर घेऊन बसला होता.
त्याला कुणी विचारलं नाही.
मीही नाही.
इतिवृत्तात लिहिलं: चहा झाला.

आश्विनात एका रात्री कंदील लागला नाही.

फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.
तरी नवापर्यंत पुलाच्या कठड्याला माणसं लागली,
मास्तर लुंगीवर, हातात विजेरी,
मशिदीकडून इस्माईल, रिक्षाचा दिवा धक्क्याकडे वळवून,
उल्हास चपला न घालता फळीवरून आत गेला.
बाहेर आला तो कायतानला पाठुंगळीवर घेऊन.
तापानं फणफणलेला म्हातारा
सगळ्यांना एकच सांगत होता,
रॉकेल संपलं, रॉकेल संपलं,
जणू हिशेब देतोय.

त्याला हॉस्पिटलात नेलं.
पुलावरून मात्र कुणी हलेना.
नदीत तो पट्टा नव्हता,
आणि घरी कधी जायचं ते कळत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी पदेर आला.
म्हणाला, मोठ्या अक्षरात लिही.
मी लिहिलं:

कायतान बरा आहे. गुरुवारी येईल.
बार्जवरच्या त्याच्या मांजराला
काल नऊ जणांनी वेगवेगळे बांगडे दिले.
मांजर ओकते आहे.
कृपया एकमेकांना विचारून द्यावे.
कंदिलाची पाळी आज मास्तरांची.

खाली चार बोटं जागा उरली होती.
तिथं लिहिलं,
चष्मा अजून इथेच आहे.